मेढीतलं दळण

माझ्या घरात लाकडी पलंग नाही, लाकडी कपाट नाही, देवघरसुद्धा पितळी पत्र्याचं आहे. नातसून हसते. सुताराची लेक आणि लोखंडाच्या खाटेवर झोपते, म्हणते. हसू दे बापडी. तिला वाटतं, म्हातारीला वाळवीची भीती आहे. वाळवीला मी कशाला भिते? वाळवी आपली मुकाट्यानं खाते. भिरुडाचं तसं नाही. भिरूड खातो ते ऐकू येतं. आता माझ्या कानांना शेजारच्या खोलीतला फोन ऐकू येत नाही, पण भर दुपारी घर निवांत असलं की अजून ते कर्र कर्र येतं. कुठून येतं ते मी शोधत नाही. मला माहीत आहे.

ज्यांनी भिरूड पाहिला नाही त्यांना तो कसा असतो हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं कळायचं नाही. आंबा, फणस, उंबर अशा झाडांना तो लागतो. मोठा झाला की करंगळीएवढा लांब भुंगा, राखाडी तपकिरी रंगाचा, मानेवर दोन तांबूस ठिपके आणि मिशा अंगाहून लांब, मागे वळलेल्या. मादी साल कुरतडून अंडं घालते आणि निघून जाते. अळी आत शिरते, अंगठ्याएवढी जाड होते आणि वर्ष वर्ष लाकडाच्या पोटात बसून खात राहते. बाहेर दिसतं ते एक भोक आणि त्यातून गळणारा भुसा. आणि हो, भुंगा हातात धरला की ओरडतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्यांदा माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा मी किंचाळून फेकून दिला होता. आबा पोट धरून हसले. म्हणाले, "अगं येडे, त्यो तोंडानं न्हाई वरडत. मान घासतोय मान." मी आठ-नऊ वर्षांची असेन.

तेव्हा भाटघरला नवं थोरलं धरण होत होतं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली जाणार होतं. लोक घरं उतरवून, वासे-कौलं बैलगाडीत घालून वरच्या उतारावर येत होते. गावात सुतार एकटे आबा. लाकडाच्या बाबतीत त्यांचे नेम कडक असत. झाड तोडायचं ते अंधाऱ्या पंधरवड्यात. तोडलं की साल सोलायची आणि ओंडका एक पावसाळा डोहाच्या चिखलात बुडवून ठेवायचा, म्हणजे आतली कीड मरते. त्याशिवाय ते हत्यार लावत नसत. कुणी घाई केली तर सरळ तोंडावर सांगायचे, "घाई असंल तर दुसरा सुतार बघा." पण त्या वर्षी पाणी कुणाच्या नेमाला थांबणार नव्हतं. पौर्णिमा नाही की अमावास्या नाही, दिसेल ते झाड आडवं होत होतं. आमच्या अंगणात हिरव्या लाकडाचा असा काही वास भरलेला असायचा की आईच्या नाचणीच्या भाकरीलासुद्धा तो वास लागला होता.

तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या जुन्या दारात एक फणस होता. बापजाद्यांचा फणस पाण्यात सोडून येणार नाही, नव्या घराची मेढ त्याचीच करायची, म्हणून ते हटून बसले. मेढ म्हणजे घराचा मधला खांब, ज्याच्यावर सगळं छप्पर तोललेलं असतं. आबांनी 'व्हय' म्हटलं. तीन बाजू तासून झाल्या आणि चौथ्या बाजूला, बुंध्यापासून हातभर वर, भोक सापडलं. आतला किडा टोचून काढायला आबांनी तार घातली, ती वाकडी होऊन परत आली.  दुसरं लाकूड नव्हतं, तात्यांना सांगावं तर त्यांच्या फणसाला नाव ठेवल्यासारखं, आणि पाऊस तर तोंडावर आलेला. शेवटी ते म्हणाले, "हौशे, लाख आण." मी पळीत लाख वितळवली, त्यात फणसाचा पिवळा भुसा कालवला, आणि आबांनी ती त्या भोकात भरून वरून असं घोटलं की मला स्वतःला नंतर जागा सापडेना. "मरंल त्यो आत. कुणाला बोलू नगंस," ते म्हणाले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू! आबांचं आणि माझं एक गुपित झालं होतं.

त्या मेढीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, घर उभं राहिलं. पुढच्या फाल्गुनात तात्यांच्या मुलाचं, सोपानदादाचं, दुसरं लग्न झालं. पहिली बायको साळू जुन्या घरात वारली होती. पहाटे दळायला बसली आणि जात्यावरच कलंडली. ते जातं नव्या घरात आणलं होतं, मेढीच्या शेजारीच मांडलं होतं. नवी नवरी आंबवड्याची, चंद्रा नावाची. सोळा वर्षांची असेल, पण माझ्याशी सागरगोटे खेळायला बसली की माझ्याहून लहान व्हायची. आमच्याकडे दुसरी बायको मेलेल्या पहिलीची चांदीची छोटी प्रतिमा गळ्यात घालते, तिला सवतीचा टाक म्हणतात. चंद्रावहिनीच्या गळ्यात साळूचा टाक होता. काही खायचं झालं तर आधी घास त्याला लावायचा, नवं लुगडं आलं तर आधी त्याला टेकवायचं. ती ते सगळं मनापासून करायची. मला म्हणायची, "माझी थोरली बहीणच हाय ही. हिचं घर हाय, म्या मागनं आले." असं बोलताना ती टाक चिमटीत धरून कुरवाळत असायची.

आवाज पहिल्यांदा कधी आला ते मला आठवत नाही. मला कळलं ते तात्यांच्या बायकोकडून, बयाबाईंकडून. त्या आमच्या आईला सांगत होत्या की मेढीत कुणीतरी दळतंय. सकाळी झाडावं तर मेढीच्या पायाशी, सुकून पडलेल्या बारीक चिरेखाली, पिठासारखा भुगा. वाळवी नाही, उंदीर नाही. "आन धाकटी जात्यावर बसून उठली की कसं गप्प व्हतं! घटकाभर गप, मग पुन्यांदा चालू. थोरली ऐकत बसती गं, धाकटी कसं दळती ते." आई सूप पाखडत राहिली. मी दारात शेंगा फोडत होते, माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. लाकडाला हादरा बसला की भिरूड खायचा थांबतो, हे सुताराच्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक असतं. मी संध्याकाळी आबांना म्हटलं, "आबा, तुमी सांगा की त्यास्नी." आबा पटाशीला धार लावत होते. म्हणाले, "मेढ काढायची म्हंजी घर उतरवायचं. आन मंग ह्या सुताराच्या हाती कोण लाकूड दील? दोन म्हैनं थांब, मरंल त्यो." दोन महिने गेले, चार गेले. तो मरायचं नाव घेईना.

दिवाळीनंतर चंद्रावहिनीला दिवस राहिले आणि घरातल्यांची भीती वाढली. सोपानदादानं वेल्ह्याकडून एक भगत आणला. त्यानं मेढीला कान लावला, तांदळाचे दाणे टाकले आणि सांगितलं की थोरली उपाशी गेली म्हणून दळत बसली आहे. रोज दुपारी पहिलं ताट मेढीपुढं ठेवायचं. तिचं दळण थांबलं म्हणजे ती जेवली. ती जेवेपर्यंत धाकटीनं घास तोंडात घालायचा नाही, नाहीतर पोटातलं पोर थोरली घेऊन जाईल. रात्रीचं काही बंधन नव्हतं म्हणा, पण रात्री तिला ओकाऱ्या व्हायच्या, पोटात काही ठरायचं नाही. दुपारचं जेवण तेच तिचं जेवण.

ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मेढीपुढं ताट. आंबेमोहोर भाताचा वास, कुळथाचं माडगं, भाकरी, खुरासणीची चटणी. भिंतीला पाठ लावून चंद्रावहिनी, समोर दुसरं झाकलेलं ताट. सगळे गप्प. आणि त्या खांबाच्या आतून कर्र… कर्र… कर्र. मध्ये थांबायचं. ती ताटाकडे हात न्यायची. पुन्हा कर्र. हात मागे. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसायचं, ती पदरानं पुसायची आणि टाक घट्ट धरून पुटपुटायची, "जेव बाई, सावकाश जेव." आत काय बसलं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. पळीत लाख मीच वितळवली होती. तरीसुद्धा माझ्या अंगावर काटा यायचा. इतकी माणसं ज्याला साळू म्हणून कान देतात ते नुसतं किडा कसं राहील, असं मला तेव्हा वाटायचं, आणि आज या वयातही मी त्याचं उत्तर देऊ शकत नाही.

मग मी एक युक्ती काढली. शहाणपणाची म्हणून नव्हे. खरं सांगायचं धाडस नव्हतं म्हणून. दुपारी मी त्यांच्याकडे जायची, मेढीला पाठ टेकून बसायची आणि कुणाला दिसणार नाही असं कोपरानं खांबाला दोन टोले द्यायची. आतलं दळण बंद. घटकाभर तरी बंद. चंद्रावहिनी भराभर जेवून घ्यायची. आवाज सुरू व्हायची चिन्हं दिसली की मी खोकल्याचं निमित्त करून पुन्हा टोला. चार-आठ दिवसांत बोलबाला झाला की सुताराची पोर आली की थोरली निवते. बयाबाई माझ्या हातावर गूळ ठेवायला लागल्या. "साळूला लेकरांची लई हौस व्हती," म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. मला ते आवडायचं हो! गूळ आवडायचा आणि तो मानही आवडायचा. आबांना मी हे सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. एकदा माझं कोपर काळंनिळं झालेलं पाहून त्यांनी काही न विचारता त्यावर आंबेहळद लावली. बापलेक दोघंही शहाणे! एकानं एक शब्द बोलायला हवा होता, तिथं आम्ही हळद लावत बसलो होतो.

वैशाखात मामा आला आणि मला शिवऱ्याला घेऊन गेला. मामेबहिणीचं लग्न होतं. मी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. आणि नवं परकर-पोलकंही मिळणार होतं. तिकडे वीस-बावीस दिवस राहिले. खेळले, कैऱ्या खाल्ल्या, पहिले दोन दिवस दुपारी चंद्रावहिनीची आठवण यायची, पुढे तीही आली नाही. परत आले तेव्हा आई चुलीपुढं बसून आबांशी बोलत होती. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "सुईण म्हणती, पोर हालंना झालंय. आईच्या पोटात काय असंल तर पोराला मिळंल ना? उनाळ्यात ते दिसभर दळतंय. काल पाणवठ्यावर घेरी येऊन पडली. तुमास्नी कायबी ठावं न्हाई, आसंच ना?" म्हणजे आईलाही ठाऊक होतं. आबांनी पुढ्यातली भाकरी तशीच ठेवली. उठले, पटाशी, वाकस अशी हत्यारं पिशवीत टाकली आणि चालू लागले. मी मागून पळाले.

तात्यांच्या घरी जेवणाची वेळ होती. मेढीपुढं ताट मांडलेलं, चंद्रावहिनी भिंतीशी. तिचे गाल आत गेलेले, पोट तेवढं पुढे, आणि गळ्यातला टाक छातीच्या हाडावर टेकलेला. तिनं माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. आबा उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तात्या, मेढीत साळू न्हाई. भिरूड हाय. फणस तोडला तवाच आत व्हता. म्या पाहिला व्हता, वरनं लाख भरली. म्या एकट्यानं केलं. माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई." 'एकट्यानं' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी मेढीवरून बोट फिरवलं, बरोबर ती जागा शोधली आणि पटाशी लावली.

चार-पाच घावांत लाखेचं बूच उडालं. आत बोगदा, दाबून भरलेला भुसा. आबांनी अजून थोडं तासलं, दोन बोटं आत घातली आणि जे बाहेर आलं ती अळी नव्हती. तयार भुंगा होता. आबांच्या चिमटीत त्यानं सहाही पाय ताणले, त्या लांब मिशा त्यांच्या मनगटावर फिरवल्या आणि तो ओरडायला लागला. कीं… कीं… कीं. बारीक, एकसारखं. सोपानदादा मागे सरून भिंतीला टेकला.  बयाबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "रडतीया! माझी साळू रडतीया!" तात्या भानावर येऊन म्हणाले, "चेच त्याला, सुतारा." तेवढ्यात चंद्रावहिनी म्हणाली, "नगा मारू. जाऊ द्या तिला." आबांनी बोटं सोडली. भुंगा जमिनीवर पडला, सावकाश चालत उंबऱ्यापर्यंत गेला, तिथं उन्हात थोडा वेळ थांबला, मग पाठीची टरफलं उघडून जडशीळ उडाला आणि कुंपणावरून धरणाच्या पाण्याकडे दिसेनासा झाला. "गेली," बयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

मग त्या आबांवर फिरल्या. "दोन वरसं माझी सून लाकडात कोंडलीस तू? वरनं लाख भरलीस?" आबा म्हणाले, "वयनी, किडा हाय त्यो." "मंग रडली कशी?" त्याचं उत्तर आबांनीच मला कधीकाळी हसत हसत दिलं होतं.  पण आता त्यांनी खाली वाकून पटाशी पिशवीत ठेवली. तात्या त्यांच्या दंडाला धरून त्यांना अंगणात घेऊन गेले, मागोमाग सोपानदादा आणि बयाबाई.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकते. चंद्रावहिनीला मुलगी झाली, किडकिडीत पण जिवंत, आणि ती लेक पुढे चांगली म्हातारी होऊन नातवंडांत रमली. आमचं मात्र तिथलं सुतारकाम संपलं. आबांनी खरं सांगितलं, सगळ्यांनी ते ऐकलं, आणि तरीही पंचक्रोशीत ते सवत कोंडणारे सुतार ठरले. हिरवं लाकूड वापरल्याबद्दल नव्हे, बरं का! ते कुणी मनावरच घेतलं नाही. आम्ही भोरला आलो. आबा दुसऱ्याच्या कारखान्यात रंधा मारू लागले आणि मला शाळेत घातलं. मी शिकले, मास्तरीण झाले. माझ्या निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं होतं की बाईंना सत्य बोलायचा वारसा वडिलांकडून मिळाला. मी मान खाली घालून टाळ्या ऐकल्या होत्या.

त्या दुपारचं शेवटचं सांगायचं राहिलं. बाहेर अंगणात तात्यांचा आवाज चढला होता. आत चंद्रावहिनी आणि मी, दोघीच. ती सरकत सरकत मेढीशी आली आणि तिनं खांबाला कान लावला. बराच वेळ. आत काहीच नव्हतं. मग तिनं आपलं ताट पुढ्यात ओढलं, भाकरीवर हात ठेवला आणि तिची नजर माझ्या बसायच्या जागेकडे गेली. तिथं खांबाचं लाकूड माझ्या पाठीनं आणि कोपरानं गुळगुळीत झालं होतं. ती त्यावरून हात फिरवत म्हणाली, "हौशे, तू रोज हितंच बसायचीस. तू आलीस की गप व्हायचं. तुला ठावं व्हतं का गं?"

अंगणातून आबांचा आवाज आला, "माझ्याबिगर कुणाला ठावं न्हवतं, देवाशपथ."

मी म्हटलं, "न्हाई."

तिनं लगेच विश्वास ठेवला. तिचा चेहराच खुलला. "मंग साळूनंच धाडली व्हती तुला," ती म्हणाली. तिनं भाकरी मोडली, मोठा अर्धा भाग चटणी लावून माझ्या हातात दिला. "आदी तू खा." दुसरी अर्धी तिच्या मांडीवर तशीच होती. मी खाल्ली. सगळी खाल्ली. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. माझा शेवटचा घास गिळून होईपर्यंत ती थांबली, आणि मगच तिनं आपला पहिला घास घेतला.